बोटीवर चढायचा दिवस घरातूनच सुरू होतो

भोर किंवा वेल्ह्याहून क्रूझच्या सहलीला निघणाऱ्या कुटुंबासाठी बोट दोनशे किलोमीटरच्या आसपास लांब उभी असते. मुंबईच्या माणसाला धक्क्यावरून परत पाठवलं तर तो तासाभरात घरी पोचतो. आपल्याकडचा माणूस पहाटे अंधारात कापूरहोळ नाहीतर चेलाडी फाटा सोडून, बोरघाट उतरून, बॅगा ओढत मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पिअरला पोचलेला असतो. बरोबर म्हातारे आई-वडील, अर्धवट झोपेतली मुलं. त्याला काउंटरवर ‘हा रिपोर्ट चालणार नाही’ असं ऐकायला लागलं, तर पैशाइतकंच मनाचंही नुकसान होतं. साथीच्या दिवसांत अशी वेळ कुणावर येऊ नये, यासाठी काय करता येईल ते इथे सांगतो.

सध्या कोविडचे निर्बंध नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ ला उठवली. पण साथी पुन्हा येतात, आणि साथ आली की बोटीवर चढण्याची रीत सगळ्यांत आधी बदलते. २०२० ते २०२२ या काळात ती कशी बदलली ते आपण पाहिलं आहे. पुढच्या वेळी रोग वेगळा असेल, तास आणि फॉर्म वेगळे असतील, पण चौकट बहुतेक तीच राहील: आधी चाचणी, मग कागद, मग ठरवून दिलेली वेळ, मग तब्येतीचे प्रश्न आणि सगळं जमलं तर बोटीची शिडी.

या सगळ्यात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ऐन वेळी घरी थांबावं लागलं तर ते परवडेल, अशी तयारी तिकीट काढतानाच करून ठेवा. माणसं ताप लपवतात, खोकला दाबतात, फॉर्मवर खोटं लिहितात, त्यामागे स्वभावापेक्षा बुडणाऱ्या पैशांची धास्ती जास्त असते. ती धास्ती आधीच कमी करता येते.

बोटीचीच एवढी काळजी का, असं कुणी विचारेल. एस.टी.तही गर्दी असते, लग्नाच्या मांडवातही असते. फरक असा की एस.टी. तीन तासांत रिकामी होते. बोटीवर हजारो लोक दिवसचे दिवस एकाच छताखाली जेवतात, झोपतात, नाटक बघतात आणि तेच जिने, तेच कठडे धरतात. कर्मचारी खालच्या मजल्यांवर दोघे-चौघे मिळून एका खोलीत राहतात आणि रोज शेकडो प्रवाशांना वाढतात. एक माणूस रोग घेऊन चढला की पुढचं थांबवणं कठीण.

‘डायमंड प्रिन्सेस’ हे त्याचं जगाला माहीत झालेलं उदाहरण. २० जानेवारी २०२० ला जपानमधल्या योकोहामात चढलेला एक प्रवासी २५ तारखेला हाँगकाँगला उतरला आणि नंतर त्याची चाचणी बाधित आली. बोट योकोहामाला परतली तेव्हा तिच्यावर ३,७११ माणसं होती. ती तिथेच अडकली आणि शेवटी सातशेहून अधिक जण बाधित निघाले. त्यांत भारतीय कर्मचारीही होते. भारतीयांना घेऊन आलेलं विमान २७ फेब्रुवारीला दिल्लीत उतरलं आणि त्या सगळ्यांना मानेसरला विलगीकरणात ठेवलं गेलं.

आपल्या जवळचं उदाहरण मुंबई-गोवा मार्गावरचं आहे. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून देशातल्या फेऱ्या करू लागली होती. नववर्षाच्या फेरीत ती गोव्याला पोचली तेव्हा एका कर्मचाऱ्याची चाचणी बाधित आली होती. सगळ्यांना बोटीवरच थांबवून सुमारे दोन हजार जणांच्या चाचण्या झाल्या आणि ३ जानेवारी २०२२ ला ६६ जण बाधित असल्याचं गोवा सरकारनं सांगितलं. गोवा पाहणं राहिलं बाजूला, बोट प्रवाशांना घेऊन मुंबईला परतली. लस आणि चाचणीचे नियम तेव्हा होतेच. तरीही असं झालं, कारण चाचणी फक्त नमुना दिला त्या घटकेचं सांगते. लागण झाल्यावर विषाणू चाचणीत दिसायला दोन-तीन दिवस जाऊ शकतात. नमुना देऊन आल्यावर त्याच रात्री हळदीला जाऊन आलेल्या माणसाचा निर्दोष रिपोर्ट बोटीवर कुणाचंच रक्षण करत नाही.

चाचणीचं गणित आधी कागदावर मांडा

समजा, बोट शुक्रवारी संध्याकाळी सुटणार आहे, तुम्हाला चढायची वेळ दुपारी एक ते तीन दिली आहे आणि अट ४८ तासांच्या आतल्या आरटी-पीसीआर रिपोर्टची आहे. हे तास बहुतेक वेळा नमुना दिल्यापासून मोजतात, रिपोर्ट हातात पडल्यापासून नाही. म्हणजे बुधवारी सकाळी दिलेला नमुना शुक्रवारी दुपारी शिळा झालेला असेल. बुधवारी दुपारी तीननंतरच नमुना द्यायचा आणि गुरुवारी रात्रीपर्यंत रिपोर्ट मिळवायचा, कारण शुक्रवारी पहाटे गाडी निघणार. हातात जेमतेम एक दिवस उरतो.

पुणे-मुंबईकराला हा एक दिवस पुरतो. आपल्याकडे जरा विचार करावा लागतो. कोविडच्या काळात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेतलेले नमुने तपासणीला पुण्याला जायचे आणि साथ जोरात असली की रिपोर्टला उशीर व्हायचा. तिथे आजाऱ्यांचे नमुने आधी तपासले जाणार आणि तेच योग्य आहे. सहलीसाठीची चाचणी कात्रज-धनकवडी किंवा स्वारगेटच्या बाजूच्या खासगी प्रयोगशाळेत करावी. जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: रिपोर्ट किती तासांत मिळतो, आणि त्यावर नमुना घेतल्याची तारीख-वेळ व क्यूआर कोड छापलेला असतो का. वेळ छापलेली नसेल तर काउंटरवरचा माणूस तुमच्या शब्दावर विसंबणार नाही आणि त्यानं विसंबूही नये.

नमुना दिल्यापासून बोटीवर चढेपर्यंत मात्र घरात राहायचं. आठवडे बाजार नको, जागरण-गोंधळ नको, मंडळाची बैठक नको. गावात हे अवघड जातं, कारण सहलीला निघालेल्याला भेटायला चार लोक येतातच. त्यांना अंगणात बसवा, ओसरीवरून बोला.

ज्यांना थोड्याच दिवसांपूर्वी आजार होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर चाचणी कधी कधी काही आठवडे बाधितच येते, जरी त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपलेला असला तरी. अशा वेळी आजाराच्या तारखेचा जुना रिपोर्ट आणि बरं झाल्याचं डॉक्टरांचं पत्र जवळ हवं आणि ते चालेल का हे कंपनीला आधी लेखी विचारलेलं हवं.

नियम कुणाचा, हा प्रश्नही आधीच सोडवायचा. साथीत प्रवाशाला तिघांचे नियम पाळावे लागतात: निघतो त्या राज्याचा, बोट लागते त्या ठिकाणचा आणि बोट चालवणाऱ्या कंपनीचा. तिन्हींत कडक असेल तो धरून चालावा. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं राज्यात येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला निर्दोष रिपोर्ट बंधनकारक केला होता, तेव्हा महाराष्ट्रात जिल्हा ओलांडायलाही ई-पास लागत होता. लक्षद्वीपची गोष्ट तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. बेटांवर जाण्याआधी कोचीत सक्तीचं विलगीकरण होतं, तोवर २०२० च्या सगळ्या वर्षात तिथे एकही रुग्ण नव्हता. ती अट सैल झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये पहिला रुग्ण सापडला. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या फेरीचं तिकीट काढताना तिथले लोक कडक का वागतात, हे यावरून समजावं. त्यांच्या बेटावर मोठी इस्पितळं नाहीत. आपल्या केळद-मढे घाटाकडच्या किंवा हिर्डोशी खोऱ्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या आपल्याच पोरांना गावोगाव शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवलं गेलं, ते याच काळजीपोटी. बोटीच्या दारात अडवणारा माणूस तेव्हाच्या ग्राम समितीचंच काम करत असतो.

नाव आणि जन्मतारीख

कागदांत सगळ्यांत जास्त अडचण आपल्याकडे इथे येते. आधारवर ‘दगडू’, पासपोर्टवर ‘दगडूराम’, लसीच्या प्रमाणपत्रावर आडनावच नाही. सासूबाईंच्या आधारवर माहेरचं नाव, तिकिटावर सासरचं. ज्येष्ठ मंडळींची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली आणि पुढे दुसऱ्या कागदावर खरी तारीख आलेली. एरवी गावात कुणी याकडे बघत नाही, कारण तलाठी ओळखतो, बँकेतला माणूस ओळखतो. साथीच्या काळात टर्मिनलवर तिकीट, ओळखपत्र, लसीचं प्रमाणपत्र आणि चाचणीचा रिपोर्ट असे चार कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले जातात. मागे माणसांची रांग उभी असते आणि काउंटरवरच्या मुलीला तुमच्या घराण्याचा इतिहास ऐकायला वेळ नसतो.

म्हणून तिकीट काढताना नाव तोंडी सांगू नका. ज्या ओळखपत्रावर चढणार त्याचा फोटो एजंटला पाठवा आणि तिकीट आल्यावर एकेक अक्षर जुळवा. चाचणीच्या वेळी नमुना घेणाऱ्यालाही तेच ओळखपत्र दाखवा, कारण तिथे घाईत नाव हातानं लिहिलं जातं. मुंबई-गोव्यासारख्या देशातल्या फेरीला फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र चालतं. श्रीलंका किंवा आणखी कुठे परदेशी बंदरावर जाणारी फेरी असेल तर पासपोर्ट हवा आणि तो परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू असलेला हवा.

हे सगळे कागद छापून घ्या. मोबाइलमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. वेल्ह्याच्या बऱ्याच गावांत रेंज मिळायला टेकडीवर जावं लागतं, ओटीपी वेळेवर येत नाही आणि टर्मिनलच्या जाड भिंतींत शहरातला फोनही कधी गप्प होतो. प्रत्येक माणसाची एक पारदर्शक पिशवी करा, कागद त्याच क्रमानं लावा आणि सगळ्या पिशव्या एकाच माणसाकडे द्या.

प्रवास आणि दिलेली वेळ

साथीच्या काळात बोट कंपन्या प्रवाशांना अर्ध्या-एक तासाच्या टप्प्यांनी बोलावतात. सगळे एकदम आले की रांगेतच रोग पसरतो. लांबून येणाऱ्या माणसाची सवय मात्र लवकर पोचायची असते आणि ती चांगलीच आहे. फक्त टप्प्याआधी आत घेणार नाहीत, हे धरून चला. मुंबईत लवकर पोचा, टर्मिनलच्या दारात मात्र वेळेवर या. मधला वेळ गाडीत काचा खाली करून किंवा उघड्या जागी काढावा. बंद उपाहारगृहात दाटीवाटीनं बसून तीन दिवस जपलेलं सगळं वाया घालवू नये.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर द्रुतगती मार्गानं उतरून अटल सेतूवरून शिवडी आणि तिथून पूर्व मुक्त मार्गानं बॅलार्ड पिअरकडे जाणं सोयीचं. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबईतली गर्दी बरीच टळते. घाटात शनिवारी-रविवारी गाड्या अडकतात, त्यामुळे किमान दोन तास हातचे ठेवा. रेल्वेनं जायचं तर पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं दहा मिनिटांवर आहे. निर्बंधांच्या दिवसांत रेल्वेचेही नियम बदलतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच चढता येत होतं. बोटीचे कागद पुरे आहेत म्हणून वाटेतल्या वाहनाचे पुरे असतीलच असं नाही.

मोठा गट असेल तर एकच बस करू नका. भोरहून तीस जण एका बसनं निघाले आणि टर्मिनलवर एकाची चाचणी बाधित आली, तर बसमधले सगळे त्याचे निकटचे संपर्क ठरतात. दोन-तीन गाड्यांत कुटुंबानुसार बसलात तर थोडे पैसे जास्त जातील, पण एकामुळे सगळे परत फिरणार नाहीत. ज्या कुटुंबाची केबिन एक, त्यांची गाडीही एक, हा हिशोब धरावा.

टर्मिनलवर काय होतं

मुंबई बंदरातलं बॅलार्ड पिअरचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनसाठी तिथे ७२ काउंटर आहेत. विमानतळ पाहिलेल्याला बरंचसं ओळखीचं वाटेल. मोठ्या बॅगा सुरुवातीलाच चिठ्ठी लावून घेतल्या जातात आणि त्या थेट केबिनच्या दाराशी येतात, त्यालाही दोन-चार तास लागू शकतात. म्हणून रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, मास्क, साबणाची छोटी वडी, कपड्यांचा एक जोड आणि कागदांच्या पिशव्या हातातल्या पिशवीतच हव्यात. साथीच्या काळात कधी कधी चढल्यावर जागेवरच चाचणी होते आणि निकाल येईपर्यंत केबिनमध्ये बसावं लागतं. तेव्हा ही पिशवीच आधार असते.

दारात ताप मोजतात. उन्हातून, गरम गाडीतून उतरल्या उतरल्या कपाळ तापलेलं असतं आणि यंत्र खोटा आकडा दाखवू शकतं. आधी दहा मिनिटं सावलीत बसा, पाणी प्या, मग रांगेत लागा. आकडा जास्त आला तर घाबरून वाद घालू नका. थोड्या वेळानं पुन्हा मोजण्याची विनंती करा.

मग येतो तब्येतीचा फॉर्म. गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, जुलाब, उलटी, घरात कुणी आजारी, असे प्रश्न असतात. क्रूझवर हा फॉर्म कोविडच्या आधीपासूनच भरून घेत आले आहेत, कारण बोटीवर जुलाब-उलट्यांची साथही लवकर पसरते. या कागदामागे एक मोठी व्यवस्था उभी आहे. दुसऱ्या देशाहून बंदरात येताना कप्तानाला बोटीवरच्या आरोग्याचं निवेदन बंदर आरोग्य अधिकाऱ्याला द्यावं लागतं आणि त्याची परवानगी मिळाल्याशिवाय कुणाला उतरता येत नाही. देशात साथीचा कायदा आहे तो १८९७ चा, मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळी केलेला. महाराष्ट्रानं मार्च २०२० मध्ये तोच लागू केला. फॉर्मवरचं खोटं उत्तर हे अशा रीतीनं दोन हजार लोकांच्या उतरण्या-न उतरण्याशी जोडलेलं असतं.

क्रोसिन घेऊन ताप उतरवून रांगेत उभं राहणं हा मला अक्षम्य प्रकार वाटतो. तो माणूस वाईट असतो असं नाही. चौघांच्या तिकिटांना साठ-सत्तर हजार घातलेत, सोयाबीनचे पैसे नाहीतर पतसंस्थेचं कर्ज त्यात आहे, आणि रात्री अंगात कणकण आली. अशा वेळी मन सांगतं, प्रवासाचा शीण असेल. म्हणून पैशांचं बोलणं त्या रात्रीवर ठेवू नये, बुकिंगच्या दिवशी करावं.

विचारायचं ते असं. चढण्याआधी घरीच चाचणी बाधित आली तर पूर्ण पैसे परत मिळणार, पुढची तारीख मिळणार की काहीच नाही? धक्क्यावर बाधित आली तर? एकाला थांबावं लागलं तर त्याच केबिनमधल्या बाकीच्यांचं काय? मधलं बंदर रद्द झालं तर? आणि विलगीकरणात राहावं लागलं तर त्या खोलीचा खर्च कुणाचा? उत्तरं व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या. ‘बघू, करून देऊ’ हे उत्तर म्हणजे नाही असं समजा. पुढची तारीख मिळणारं तिकीट थोडं महाग असलं तरी साथीच्या काळात तेच काढावं. प्रवास विमा घेत असाल तर त्यात साथीचा आजार धरला आहे की वगळला आहे, ती ओळ एजंटकडून दाखवून घ्या. कबूल केलेलं कुणी पाळलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे.

दुसरं बोलणं घरातलं. आजी आजारी पडल्या तर त्यांच्याजवळ कोण थांबणार? लहान मुलाला ताप आला तर आई थांबणार की बाप? एका केबिनमधला एक बाधित आला की बहुधा ती सगळी केबिनच परत पाठवली जाते. त्यामुळे आठ जणांच्या कुटुंबानं दोन केबिन घेताना कोण कुणाबरोबर झोपणार, हेही याच विचारानं ठरवावं. ही वाटणी चढण्याच्या दिवशी धक्क्यावर करायला गेलं की रडारड होते, आदल्या आठवड्यात जेवताना केली की सहज होते.

बोटीवर पाय ठेवल्यावर

बोट सुटण्याआधी, किंवा सुटताच, संकटकाळी कुठे जमायचं याची कवायत प्रत्येक प्रवाशाला करावीच लागते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ कलंडली, ३२ माणसं गेली, त्यानंतर हा नियम आणखी कडक झाला. पूर्वी सगळे एकदम डेकवर दाटीनं उभे राहायचे. साथीत काही कंपन्यांनी रीत बदलली: लाइफ जॅकेट कसं घालायचं, भोंगा कसा वाजतो हे फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर बघायचं आणि मग आपापल्या वेळेनं ठरलेल्या जागी जाऊन नोंद करून यायचं. टीव्ही लावून ठेवून बॅगा उपसत बसू नका. भाटघर-पानशेतच्या फुगवट्यात होडीनं फिरलेल्यांनाही दहा-बारा मजली बोटीत दिशा कळत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हाताला धरून त्या जागेपर्यंत एकदा चालवून आणा.

जेवणाच्या बाबतीत, बुफेत स्वतः वाढून घ्यायचं बंद होऊन कर्मचारी वाढू लागतात. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी: बोटीवर जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, जेवणाआधी प्रत्येक वेळी.

बोटीवर कामाला जाणाऱ्या मुलांसाठी

आपल्या भागातली मुलंही हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर नोकरीच्या शोधात असतात. त्यांचा चढण्याचा दिवस प्रवाशांपेक्षा कठीण असतो. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ या बोटीवरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईसमोर समुद्रात अडकून पडले होते. घर दिसतंय आणि उतरता येत नाही अशी ती अवस्था. केंद्रानं खलाशांच्या चढण्या-उतरण्याची कार्यपद्धती ठरवली, तेव्हा कुठे २३ एप्रिलला ते धक्क्यावर आले. कामावर चढणाऱ्यांना हॉटेलात विलगीकरण, एकामागून एक चाचण्या आणि मगच बोट, असा क्रम बरेच दिवस होता.

लसीचाही एक धडा आहे. कोविशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली, कोव्हॅक्सिनला मात्र नोव्हेंबर २०२१ उजाडला. मधल्या महिन्यांत कोव्हॅक्सिन घेतलेल्या मुलांना परदेशी कंपन्या आणि बंदरं स्वीकारतील की नाही, याची टांगणी होती. लस चांगलीच होती, कागद चालत नव्हता. परदेशी बोटीवर जायचं असेल तर पुढच्या साथीत लस निवडता येत असल्यास आधी मॅनिंग एजन्सीला, म्हणजे बोटीवर नोकरी लावून देणाऱ्या संस्थेला, विचारा आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक घालून घ्या. २०२१ च्या जूनपासून कोविनवर ती सोय झाली होती. पालकांनी मुलाच्या कराराची, विम्याची आणि एजन्सीच्या परवान्याची एक प्रत घरी ठेवावी. बोट अडकली तर चौकशी करायला घरच्यांच्या हातात काहीतरी हवं.

परत आल्यावर

सहल संपवून गावी येताना काळजी तशीच ठेवावी. बोटीवरून उतरून थेट सत्यनारायणाला बसू नये. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल, दमा किंवा साखर असेल, तर पाचेक दिवस वेगळ्या खोलीत झोपा, मास्क लावा आणि लक्षणं दिसताच चाचणी करा. आपल्या खेड्यातून मोठ्या इस्पितळात पोचायला दोन-दोन तास लागतात, हे कायम ध्यानात असू द्या. आशाताईंना आपण बाहेरून आल्याचं स्वतःहून सांगा. त्यांनी विचारेपर्यंत थांबू नका.

वाचकांना एक विनंती आहे. क्रूझला जायचा बेत असो वा नसो, या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचं आधार, पासपोर्ट असेल तर तो, आणि लसीचं प्रमाणपत्र एकत्र काढून नाव आणि जन्मतारीख जुळते का ते पाहा. चूक असेल तर तालुक्याच्या आधार केंद्रात दुरुस्तीचा अर्ज करा. साथ आल्यावर त्या केंद्रासमोर रांगा लागतात, आज लागत नाहीत.